बुरुलचाच्या जेवणाची घोडी

सगिनबेक मेंढ्यांची लोकर कातरायचा. नारिन नदीच्या वरच्या अंगाला आमच्या गावात त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता. मेंढीला ओरखडा म्हणून येत नसे. पण हातचं काम संपलं की तो बंद पडलेल्या डेअरीत पत्ते कुटायला बसायचा. आधी खोगीर गेलं, मग बायकोचं शिलाई मशीन. अनारकुल मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. गावच्या वडीलधाऱ्यांनी फर्मावलं, याच्याबरोबर कुणी एका ताटात जेवायचं नाही.

त्याची आई बुरुलचा मात्र कुंपणावरून मला, शेजाऱ्याला, म्हणायची, "पोरगं वाईट नाही रे, नाद वाईट आहे. तुम्ही सगळ्यांनी पाठ फिरवली, तर त्यानं जावं कुठं?"

तिची एक दुभती घोडी होती; आमच्याकडे घोडीचं दूध पितात. उन्हाळा सरताना सगिनबेक तीही पत्त्यांतल्या सोबत्याला, दोरोनबेकला हरला. बुरुलचा सवयीनं बादली घेऊन गोठ्यापर्यंत जायची आणि तशीच परत यायची. पहिलं बर्फ पडलं आणि म्हातारी गेली.

मयताला सारा गाव आला. आमच्या रीतीप्रमाणे घोडं कापून आलेल्यांना जेवू घालायचं, तर सगिनबेककडे कोंबडंही नव्हतं. तेवढ्यात दोरोनबेक ती घोडी घेऊन अंगणात आला.

"घे, काप."

"तुझी आहे ती."

"तुझ्यासाठी नाही आणली. लहानपणी तुझ्या आईनं मला दूध पाजलंय."

सगिनबेकनं घोडीच्या गळ्याला मिठी मारली. "हिला नको रे! आई हिला लेक म्हणायची."

वडीलधाऱ्यांतला म्हातारा उस्मोन खेकसला, "मग दुसरं काय आहे तुझ्याकडं? बोल की!"

सगिनबेकनं मिठी सोडली. घोडी कापली. उस्मोननंच त्याच्यापुढे ताट सरकवलं. "ये, बस आमच्यात. आई गेलीय तुझी." सगिनबेकनं घास उचलला, तोंडापर्यंत नेला, खाली ठेवला आणि उठून बाहेर गेला.

त्यानंतर त्यानं पत्त्यांना हात लावला नाही. मी अनारकुलला सांगून पाहिलं, "सुधारलाय गं तो."

"सुधारला असेल, दादा. पण दार वाजलं की अजून वाटतं, आता काय न्यायला आलेत?"

आता तो नदीपलीकडच्या गावांत कातरणीला जातो. मुलीच्या शाळेच्या पहिल्या दिवशी मला सोबत घेऊन अनारकुलच्या गावी गेला आणि रस्त्यापलीकडेच थांबला.

"जा की, भेट," मी म्हटलं.

"नको. मैत्रिणी आहेत तिच्याबरोबर. विचारतील, हा कोण म्हणून."