बहुधा अटॅक

कांचन सरोदेचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. चारला मी गाडी तिच्या दाराशी लावायचो. हॉर्न वाजवावा लागत नसे. डबा आणि थर्मास घेऊन ती पायरीवर उभी असायची, बर्फ पडत असला तरी.

अमेरिकेत, वूस्टरमधल्या एका लाँड्रीत आम्ही दोघं कामाला होतो. घरगुती कपड्यांची लाँड्री नव्हे. आसपासच्या इस्पितळांच्या चादरी, गाऊन, टॉवेल तिथे यायचे. धुऊन निघालेल्या चादरी एकमेकींत पिळून बसतात. तो ओला गठ्ठा ओढायचा, सोडवायचा, मग एकेका चादरीची दोन टोकं ताणून इस्त्रीच्या रोलरला द्यायची. नवीन माणूस हे कमरेच्या जोरावर करतो आणि वर्षाच्या आत सोडून जातो. कांचन गुडघ्यात वाकायची, गठ्ठा पोटाशी घ्यायची आणि मगच सरळ व्हायची. मी भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकलेला फिटर. कुणाच्या कामाला सहसा चांगलं म्हणत नाही. तिच्या कामाला म्हणायचो.

तिचे हात लांब होते, बोटंही. चादरीची दोन्ही टोकं तिला पाय न हलवता पुरायची. माहेरचे भंगाळे सगळे तसेच, उंच आणि किडकिडीत. आम्ही त्यावरून तिला चिडवायचो. "तुझ्या बापानं तुला या रोलरसाठीच घडवली," मी म्हणायचो.

"मग पगार त्यांनाच पाठवू का, भाऊ?" ती म्हणायची.

वडील तोवर गेलेले होते. जळगावला, अंगणात उभे असताना कोसळले. अटॅक. थोरली बहीण सुवर्णा लग्न होऊन न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आली आणि मुलगी लहान असतानाच गेली. अटॅक. भाऊ प्रल्हाद शेजारच्या श्रूजबरीत इंजिनियर होता, लग्न न केलेला. त्यानेच अर्ज भरून कांचनला इकडे आणलं. ती आल्याच्या दुसऱ्या हिवाळ्यात तो दारातला बर्फ उपसताना पडला. अटॅक. तिघंही पन्नाशीच्या आत. तिघांनाही ना विडी, ना दारू, ना चरबी.

नवऱ्याला इकडची थंडी सोसेना म्हणून परत गेला, तो गेलाच. उरले कांचन आणि ऋषी.

ऋषी चोवीस वर्षांचा झाला तेव्हा त्याला फायर डिपार्टमेंटमध्ये जायचं होतं. अंगावर वजन बांधून जिने चढायची परीक्षा असते. पोरगा रोज जिममध्ये लोखंड उचलायचा. मामासारखा उंच, मामासारखीच मधे थोडी खोलगट छाती. परीक्षेआधी डॉक्टरांची सही लागते. डॉक्टरीणबाईंनी घरात कोण कशाने गेलं ते विचारलं. ऋषीने तीन वेळा एकच उत्तर दिलं. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "हार्ट अटॅक, असं कोण म्हणालं? मृत्यूचे दाखले आणा. ते पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

ऋषी चिडला. "आई, माझं कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. आय रन फाइव्ह माइल्स."

"प्रल्हादमामापण धावायचा," कांचन म्हणाली.

"सो? मी मामा नाहीये."

"चप्पल त्याचीच घालतोस. होते तुला."

शनिवारी मी तिला श्रूजबरीच्या टाऊन हॉलमध्ये नेलं. भावाचा दाखला खिडकीवर लगेच मिळाला. इथे या राज्यात तो कुणालाही मिळतो. आम्ही गाडीत बसून वाचला. नाव, जन्म, आईबापांची नावं बरोबर. शवविच्छेदन, नाही. मृत्यूचं कारण, बहुधा हार्ट अटॅक. खाली एक रकाना होता, माहिती देणाऱ्याचा. त्यात लिहिलं होतं: कांचन सरोदे, बहीण.

ती त्या रकान्यावर बोट ठेवून बसली.

"भाऊ, हे डॉक्टरचं नाहीये," ती म्हणाली. "हे माझंच आहे. त्या दिवशी फोनवर मेलेल्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी साहेबानं विचारलं, घरात कुणाला काही होतं का. मी म्हटलं, अटॅक. आमच्यात सगळ्यांना अटॅकच येतो. मग विचारलं, बॉडी उघडून बघू का? मी रडायला लागले. म्हटलं, नको, चिरफाड नको, तसाच द्या."

आपल्याकडे कुणीही तेच म्हणालं असतं. मीही म्हणालो असतो. पण तो कागद आता काही सांगत नव्हता. आम्ही दिलेला शब्द शिक्का मारून आम्हालाच परत देत होता.

वडिलांचं जळगावचं, तिथेही घरच्यांचाच शब्द असणार. राहिली सुवर्णा. न्यू जर्सीत सख्खं नातं दाखवावं लागतं. कांचनने अर्ज भरला, जळगावच्या जन्मदाखल्यांच्या प्रती जोडल्या, पाठवला. या काळात ऋषीची पाठ दुखायला लागली, दोन खांद्यांच्या मधे. तो म्हणाला वजन उचलून दुखते. कांचन माझ्याकडे बघायची आणि मी रस्त्याकडे.

उत्तर आलं. सुवर्णा फिरके नावाच्या कुणाची नोंद नाही.

त्या पहाटे ती ते पत्र घेऊनच गाडीत बसली. रूट नाइनवर आल्यावर म्हणाली, "माझी बहीण तिथे मेलीच नाही म्हणतात."

मी वळणं घेत विचार करत होतो. मग विचारलं, "लग्नात नाव बदललं होतं का तिचं?"

तिने कपाळावर हात मारला. जावयाने ताटातल्या तांदळात अंगठीने 'नेत्रा' लिहिलं होतं. पासपोर्टही त्याच नावाने निघाला. पण माहेरी तिला कुणी नेत्रा म्हणालंच नव्हतं. तीसेक वर्षांनी अर्ज भरतानाही कांचनच्या हातून सुवर्णाच उतरलं.

नाव सापडलं, वाट मात्र बंदच राहिली. जळगावच्या कागदावर सुवर्णा भंगाळे, न्यू जर्सीच्या कागदावर नेत्रा फिरके. या दोघी एकच, हे सांगणारा कागद कुठे नव्हता. तो तांदूळ त्याच दिवशी शिजला असणार.

नवऱ्याला दाखला मिळू शकत होता. केदार फिरकेंनी नंतर दुसरं लग्न केलं होतं आणि बोलणं तुटलं होतं. कांचनने रविवारी माझ्या स्वयंपाकघरातून त्यांना फोन लावला. फोन टेबलावर, आवाज मोठा ठेवून. एकटीने ऐकायची तिची तयारी नव्हती.

"केदारराव, मी कांचन. जळगावची."

"बोला." मग, "कुणी गेलं का?"

"अजून नाही. ताई कशानं गेली ते विचारायचं होतं, तिचा दाखला हवाय."

"अटॅक. सांगितलं होतं ना तेव्हा."

"डॉक्टर अटॅक म्हणाले होते?"

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला. "हॉस्पिटलने पोस्टमॉर्टेम केलं होतं," ते म्हणाले. "लहान वय म्हणून. मी सही दिली. मोठा शब्द होता काहीतरी. डॉक्टर समजावत होता, मला ऐकूच येत नव्हतं. जळगावला फोन केला तर तुमची आई फोनवर. त्यांना काय सांगू? अटॅक म्हटलं. तो शब्द सगळ्यांना कळतो."

"आणि काय म्हणाला डॉक्टर?"

"घरच्यांना कळवा म्हणाला."

कांचनने डोळे मिटले. मला वाटलं आता ती तोडून बोलेल. ती हळू आवाजात म्हणाली, "ताईची इशिता किती वर्षांची झाली?"

"एकोणतीस."

"तिच्या आईच्याच अंगाची आहे का हो? उंच?"

केदाररावांनी फोन ठेवला. अर्ध्या तासाने दुसऱ्या नंबरवरून फोन आला.

"मावशी? धिस इज इशिता. बाबांनी सांगितलं. आईचा दाखला, आय कॅन ऑर्डर इट. माझ्या बर्थ सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे."

"कोणतं नाव गं?"

"नेत्रा. का? व्हॉट एल्स वुड इट बी?"

दाखला यायला वेळ लागला. कांचनने ऋषीचे जिमचे बूट माझ्या गाडीच्या डिकीत लपवले. तो माझ्यावर ओरडला, "काका, यू टू?" मी बूट दिले नाहीत.

दाखल्यावर शवविच्छेदन, होय. कारणाच्या ओळीत जो शब्द होता तो डॉक्टरीणबाईंनी आम्हाला कळेल असा सोपा करून सांगितला. हृदयातून निघणारी मुख्य नळी फुगत जाते आणि एक दिवस फाटते. घराण्यातून येते. उंच, लांब बोटांच्या माणसांत असते. जड उचलण्याने लवकर फाटते.

त्याच दिवशी ऋषीचं स्कॅन झालं. नळी फुगलेली होती. बाईंनी त्याला घरीही पाठवलं नाही. छाती उघडून तेवढा भाग बदलला. तो वाचला. फायर डिपार्टमेंट गेलं. वेस्ट विंडसरला इशिताचं स्कॅन झालं, तिची नळी थोडी फुगलेली होती. औषध आणि दरवर्षी तपासणी.

बाईंनी कांचनलाही स्कॅन करायला सांगितलं होतं. मुलाला हे आईकडूनच आलं होतं, ते न सांगताही कळत होतं. ती म्हणाली, ऋषी आधी उभा राहू दे. इन्शुरन्सने सोडलेलं बिल होतं, रजा संपलेली होती. ती परत रोलरवर आली. मी सुपरवायझरला सांगून तिला घड्या घालायला टेबलावर लावलं. पण माणूस कमी पडला की ती आपली उठून गठ्ठे ओढायला जायची. तेही गुडघ्यात वाकून, नीट. मी तिच्यावर आवाज चढवला तेव्हा म्हणाली, "भाऊ, इतकी वर्षं ओढलं, फाटायची तर तेव्हाच फाटली असती." स्कॅनची तारीख मात्र तिने घेतली होती, मार्चमधली.

फेब्रुवारीत एका पहाटे मी गाडी लावली. पायरीवर कुणी नव्हतं. मी पहिल्यांदा हॉर्न वाजवला. वरचा दिवा लागला, ऋषीचा. खालचा आधीपासूनच लागलेला होता. ती दाराच्या आत पडली होती, एक बूट घातलेला, थर्मास उभा.

सरकारी अधिकाऱ्याचा फोन ऋषीने घेतला. मी शेजारी होतो. अधिकारी सभ्य होता. म्हणाला, घराणं असं आहे, वय आहे, हृदयाचंच दिसतं, उघडून बघायची आमच्याकडून गरज नाही. घरच्यांनाही ते बरं पडतं.

"नो," ऋषी म्हणाला. "ओपन हर." मग माझ्याकडे वळून मराठीत, "आईनं सांगून ठेवलंय. मला काही झालं तर नको म्हणू नकोस म्हणाली. फाडू दे म्हणाली."

सरकार करत नसेल तर ते खाजगीत करून घ्यावं लागतं आणि त्याचे पैसे आपण भरायचे असतात. कांचनचं बँकेत एक खातं होतं. श्रूजबरीत छोटं घर घ्यायचं म्हणून त्यात ती लाँड्रीचा पगार टाकत आली होती. बराचसा ऋषीच्या बिलात गेला होता. उरलेला या कामाला लागला.

ऋषी आता फायर डिपार्टमेंटचे फोन घेतो. गाडीवर जात नाही, गाडी पाठवतो. दाखल्याची एक प्रत त्याने मला दिली. दोन्ही नावं त्याने लिहायला लावली आहेत: कांचन सरोदे, आणि खाली माहेरचं, प्रतिमा भंगाळे. तिचंही तांदळात बदललं होतं, ते मला तेव्हा कळलं. शवविच्छेदन, होय. कारणाच्या ओळीत तोच मोठा शब्द आहे, बहिणीच्या दाखल्यावरचा. त्याच्या आधी 'बहुधा' नाही. तिच्या पगारातून शेवटी तेवढी एक ओळ विकत घेतली गेली.