आडनावाच्या आधी काय होतं

चाकणच्या आमच्या कंपनीत जर्मन पाहुणे आले की दुभाषी म्हणून मला सोबत बसवतात. गेल्या वर्षी आलेल्या वयस्कर इंजिनियरना आपल्या घराण्याचा माग काढायचा नाद होता. कँटीनमध्ये जेवताना त्यांनी सांगितलं, त्यांच्या आडनावाचा अर्थ लोहार. चर्चमधल्या जुन्या नोंदींवरून ते पूर्वजांच्या गावी जाऊन आले होते. भट्टीच्या जागी आता सायकलचं दुकान होतं.

"आमच्याकडे निम्मा देश लोहार, शिंपी आणि पीठगिरणीवाला आहे," ते हसून म्हणाले. "तुमच्याकडे?"

मी मराठीत सांगितलं आणि टेबल रंगलं.

"आमी सुतार," मेंटेनन्सचे दादा म्हणाले. "पण घरात खुर्ची मोडली तर बाहेरचा माणूस बोलावतो, राव!"

क्वालिटीचे साहेब म्हणाले, "आम्ही कुलकर्णी. गावचं दप्तर सांभाळायचो."

"म्हणून अजून आमच्या चुका लिहिता व्हय?"

सगळे हसले. मग साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं?"

माझ्या ओळखपत्रावर आडनावाचं फक्त आद्याक्षर आहे. नोकरीच्या पहिल्याच दिवशी बाबा म्हणाले होते, "कुणी खोदून विचारलं तर गावाचं नाव सांग आणि कामाला लाग."

"गावावरून आलंय," मी म्हणाले.

"ते कळलं हो. त्याआधी काय होतं?"

हा प्रश्न मला शाळेपासून ओळखीचा आहे. मी पाहुण्यांकडे वळून जर्मनमध्ये उत्तर दिलं. आमच्या माणसांना गावातली मेलेली गुरं ओढावी लागत. त्या कामाला नाही म्हणायची सोय नव्हती. आजोबा पिंपरीत कारखान्याला लागले, तेव्हा त्यांनी जुनं आडनाव टाकलं. ते कोणतं, तेही सांगितलं.

"काम सुटलं होतं," पाहुणे हळूच म्हणाले. "मग आडनाव का टाकलं?"

"ते ऐकलं की लोकांना अजून तेच काम आठवतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"काय म्हणतायत?" दादांनी विचारलं.

बाकी कुणाला काही कळलं नव्हतं. मी तिथेच थांबू शकले असते. पण मघापासून सगळ्यांचं बोलणं मीच इकडून तिकडे पोचवत होते. माझंही पोचवलं, काही न गाळता. साहेब ताटाकडे बघत राहिले. दादांचं ताट रिकामं झालं होतं, पण माझं जेवण होईपर्यंत ते उठले नाहीत.

संध्याकाळी आकुर्डीला घरी आल्यावर बाबांना सांगितलं.

"जुनं आडनावही सांगितलंस?"

"हो."

"पुटपुटली नाहीस ना, बाळा?"