चुन्याच्या रेषेपलीकडचा कुर्डू

ज्या सकाळी मी आमच्या लॉनवर कुदळ चालवली, त्या सकाळी नवरा फिरायला गेला होता. मी मुद्दामच ती वेळ साधली होती. तो परत आला तेव्हा अर्धं लॉन उलटंपालटं होऊन पडलं होतं आणि मी घामाघूम होऊन ढेकळं फोडत होते. फाटक उघडंच टाकून तो धावत आला, माझ्या हातातली कुदळ हिसकावली आणि डोक्यावर उचलली.

"तुले येड लागलं काय व? हे काय करून राह्यली तू?"

"मारा," मी म्हटलं. "उचललीच हाये तं मारा. पण मारसान तं पुरतं मारा, अर्धं नोका ठेवू."

कुदळ खाली आली ती शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. खुर्ची फुटली. सगळ्या गल्लीने खिडक्यांतून पाहिलं. मी खाली बसून पुन्हा ढेकळं फोडायला लागले.

समोर मी त्याला लग्नापासून 'तुमी' म्हणते. इथं 'तो' लिहिते आहे. कागदावर तरी तेवढी मोकळीक मला असू द्या.

लॉनचं वेड त्याला कुठून लागलं ते मला माहीत होतं. तो माजरीकडच्या कोळसा खाणीत कामाला होता. नवीन लागला तेव्हा एकदा साहेबाच्या बंगल्यावर निरोप घेऊन गेला. वाट जवळची पडते म्हणून हिरवळीतून चालला, तर चौकीदाराने पोटरीवर काठी हाणली. तो वळ कधीच मिटला असेल, पण नोकरीभर त्याने तो मनात जपला. निवृत्त होऊन भद्रावतीच्या कडेला आम्ही घर बांधलं, तेव्हा स्वयंपाकाचा ओटा कुठे येणार हे ठरायच्या आधी लॉन कुठे येणार हे ठरलं होतं.

मग ते लॉन सांभाळायला लढाई सुरू झाली. मुंग्यांना पावडर, वाळवीला औषध, पानं खाणाऱ्या अळीला फवारा. पाठीवर पंप अडकवून तो सकाळ-संध्याकाळ फिरायचा. शेजारची शेळी एकदा आत शिरली, तर वीट फेकून त्याने तिचा पाय मोडला. लॉनवर कुणी पाय ठेवायचा नाही. त्याच्यावर काठी उगारणारा चौकीदार आता तोच झाला होता, पण हे त्याला सांगणार कोण? मी सांगितलं होतं. त्या दिवशी ताट भिंतीवर गेलं.

हे सगळं मी चालवून घेतलं असतं. पण माझ्या वेलांना फळ धरेना. माझं माहेर कुरखेड्याकडचं, धानाच्या शेतीचं. तिथं घरामागच्या कुडावर डांगराचा, म्हणजे लाल भोपळ्याचा, वेल चढवला की नंतर त्याच्याकडे बघायचं नाही, डांगरं एवढी लागायची की गावात वाटावी लागायची. इथं मी त्याच वेलांचं बी आणून कंपाउंडला वेल चढवले. पिवळीधमक फुलं यायची. फुलामागे बोराएवढं फळ यायचं, ते पिवळं पडून कुजायचं आणि गळायचं. काकडीचंही तेच. सकाळभर फुलं उघडी असायची आणि त्यांच्यात एक मधमाशी नसायची. नर फूल तोडून मादी फुलाला घासत मी रोज वाकून फिरायचे. पोरांची लग्नं उरकली, आता म्हातारपणी फुलांची लावत होते.

एका सकाळी वेलाखाली कुजकी फळं वेचताना पलीकडून फवाऱ्याचा वास आला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच आठवड्यात माहेरी जाऊन आले. येताना फडक्याच्या गाठीत बी बांधून आणलं: कुर्डू, रानतुळस, तेरडा, थोडा तीळ. माझ्या बापाने जे तण आयुष्यभर निंदून बांधावर फेकलं, ते मी जपून एसटीने घेऊन आले. भावजय पोट धरून हसली. मग ती कुदळीची सकाळ झाली.

खुर्ची फुटली तरी बी पेरलं गेलं. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने दोरी लावून लॉनच्या मधोमध चुन्याची रेष ओढली.

"या रेषेच्या इकडं तुही एक काडी जरी आली तं पाय तोडून टाकीन," तो म्हणाला.

"कोनाचे पाय?" मी विचारलं.

श्रावणात माझी बाजू गुडघ्याला लागली, भाद्रपदात कमरेला. कुर्डूला गुलाबी-पांढरे तुरे आले. रेषेवर वाकलेला एकेक तुरा तो कात्रीने कापायचा आणि माझ्या दारात आणून टाकायचा. मी ते तुरे त्याच्या चपलांत भरून ठेवायचे. त्याला पंपात औषध भरताना मी एकदा पाहिलं आणि पंपाची नळीच विळ्याने कापली. या वयात असं भांडण शोभत नाही, असं शेजारची बाई म्हणाली. मी म्हटलं, या वयातच जमतं, आधी सासू होती.

आणि माश्या आल्या. आधी बारक्या, मग मध करणाऱ्या सातेरीच्या. सकाळी नुसतं दारात उभं राहिलं तरी त्यांचा आवाज कानात भरायचा. माझ्या काकड्या लोंबायला लागल्या, पहिलं डांगर धरलं. मी रडले, खरंच रडले. त्याला काकडीची कोशिंबीर वाढली, तर त्याने वाटी सरकवून दिली.

दिवाळीनंतर कंपाउंडबाहेरच्या सावरीच्या फांदीला आग्या मोहोळ लागलं. काळंभोर, सुपाएवढं. फांदी नेमकी त्याच्या बाजूवर आलेली. लॉनवर माश्यांची पिवळी शिट पडायला लागली आणि तो पेटला. बांबूला बांबू बांधून, टोकाला चिंध्या गुंडाळून त्याने टेंभा तयार केला. डिझेलची बाटली आणून ठेवली.

"हात लावून पाहा," मी म्हटलं. "तुमच्या लॉनचं नखभरबी ठेवनार नाई."

आग्या जाळायचा तर रात्री जाळतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यालाही ठाऊक होतं. पण रात्री मी घरात असते. म्हणून त्याने बाजाराचा दिवस धरला आणि भर दुपारी टेंभा पेटवला.

मी भाजीची पिशवी घेऊन वळणावर आले, तर शेजारची बाई बंद खिडकीतून ओरडत होती, "बाई, भाऊले आग्या लागला! जाऊ नोका!"

तो लॉनच्या मधोमध लोळत होता. डोकं, मान, हात, सगळं माश्यांनी काळं झालं होतं. अर्धं मोहोळ जळत खाली पडलेलं, मेण ठिबकून गवत ठिकठिकाणी पेटलेलं. त्याने इतकं बारीक कापलेलं ते लॉन, त्याच्यावर बोटही लपत नव्हतं. तो उठायचा, चार पावलं धावायचा आणि पुन्हा पडायचा. डोळे मिटले होते, त्याला दारच दिसत नव्हतं.

वेलांच्या बुडाशी ओल राहावी म्हणून मी भिजवलेले गोणपाट अंथरले होते. ते ओढले, एक डोक्यावर घेतला आणि धावले. दार लांब होतं. माझा कुर्डू जवळ होता. त्याला काखेत धरून उलट्या पावलांनी ओढत नेलं. त्याच्या टाचा लॉनमध्ये रुतत होत्या. माझ्या पाठीत, कानावर, ओठावर डंख बसत होते आणि मी आयुष्यात कुणाला दिल्या नाहीत अशा शिव्या त्याला देत होते. दाट कुर्डूत त्याला आडवा पाडला, गोणपाट टाकले आणि वरून मी पडले.

सुपात तांदूळ पाखडावे तशा माश्या वर आदळत होत्या. खाली अंधार, ओल्या तागाचा वास आणि त्याचा घरघरणारा श्वास. त्याचे ओठ सुजून शब्द नीट फुटत नव्हते.

"तू जा," तो म्हणाला. "सोड मले. तू जा."

"गप राहा," मी म्हटलं. "तुमी मेले तं याद राखा."

मला त्याचा इतका राग आला होता, की तो तिथं मेला असता तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं. आणि तो श्वास थांबला तर माझं काय होईल या भीतीने मी त्याच्या छातीवरून कान काढत नव्हते. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

ऊन उतरल्यावर लोकांनी ओल्या तणसाचा धूर केला आणि बाजेवर घालून त्याला नेलं. दवाखान्यात त्याने ओकाऱ्या केल्या, शुद्ध हरपली, परत आली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. सकाळी तो वाचला. तोंड डांगराएवढं सुजलेलं, डोळ्यांच्या फक्त फटी. पहिला शब्द काय, तर, "मोहोळ जळलं काय?"

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. मी हात उचलला होता. पण मारायला जागाच नव्हती, सगळीकडे सूज.

घरी आले तर खिडक्या लावून बघणारी मंडळी डबे घेऊन पडलेलं मोहोळ पिळत होती. मी खराटा घेऊन त्यांच्यावर धावले. नंतर त्याच खराट्याने मेलेल्या माश्या झाडल्या. ढीग झाला. ढीग पुरताना मात्र त्याच्यासाठी आलं नव्हतं एवढं रडू आलं.

पुढच्या पावसाळ्यात त्याने जळके डाग बुजवून नवीन गवत लावलं, नवीन रेष ओढली. सावरीला काही लागलं नाही. मी माझ्या बाजूला पुन्हा पेरलं. आमचं बोलणं जेवणापुरतंच होतं.

मग एका सकाळी पाहिलं, त्याच्या बाजूला, लॉनच्या मधोमधून, कुर्डूच्या दोन ओळी उगवल्या होत्या. शेजारी शेजारी, वाकड्यातिकड्या, थेट माझ्या बाजूपर्यंत आलेल्या. त्याच्या टाचा जिथून ओढत गेल्या होत्या, त्या दोन चरांत बाज नेताना बी सांडलं असणार. तो गवत कापायचं मशीन घेऊन उभा होता. मी दारातच थांबले.

त्याने अलीकडचं कापलं, पलीकडचं कापलं. ओळींपाशी आला की मशीन उचलायचा आणि पुढे ठेवायचा. दर आठवड्याला तसंच. कुर्डूला तुरे आले, माश्या आल्या.

शेवटी मी विचारलंच, "ते काऊन ठेवलं?"

"तिथी जमीन कडक हाये," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "मशीन अडकते."

खोटारडा. त्या संध्याकाळी मी काकडीची कोशिंबीर वाढली, आणि त्याने वाटी पुसून खाल्ली.