मयतमामांचा पहिला प्रश्न

आमच्या गावात कुणी वारलं, की घरच्या माणसाला ग्रामपंचायतीत वर्दी द्यायला जावं लागे. तिथे खिडकीजवळच्या टेबलामागे बसलेले मयतमामा चष्मा कपाळावर चढवून पहिला प्रश्न विचारत, "खंय गेलो?"

समोरच्याला वाटे, मामांना ऐकू कमी येतंय. तो आवाज चढवून पुन्हा सांगे, "बापूस गेलो, मामानू."

"तां कळला. खंय गेलो?"

"खंय जातलो? वर गेलो!"

"वर म्हंजे? घाटावर?"

तुम्ही दोघं तिकडे लांब वाढलात म्हणून सांगते. मालवणीत 'खंय' म्हणजे 'कुठे', 'गेलो' म्हणजे 'तो गेला', आणि आमच्याकडे 'वर' म्हणजे फोंडाघाट चढून कोल्हापूरच्या बाजूला. आंब्याच्या पेट्या वर जातात, काजू वर जातो, नोकरीला लागलेली मुलं वर जातात. त्यामुळे मामांचा प्रश्न वाटतो तितका विचित्र नव्हता. फोन ठेवताना तुम्ही "आजी, मी जातो" म्हणता आणि मी "कुठे?" विचारते, तेव्हा तुम्हाला हसू येतं. तुमच्या आईला तो म्हातारपणाचा भोचकपणा वाटतो. ती सवय मयतमामांची आहे. ती मला कशी लागली, हे एकदा नीट लिहून ठेवते.

मामा ग्रामपंचायतीत लिपिक होते. जन्माची आणि मृत्यूची, दोन्ही नोंदवह्या त्यांच्याच कपाटात असत. जन्माच्या नोंदी संख्येने अर्थातच जास्त होत्या, पण त्यावरून त्यांना कुणी नाव ठेवलं नाही. मयतमामा हे नाव त्यांनी मनाला लावून घेतलं नव्हतं. गावच्या जत्रेत लाऊडस्पीकरवरून "मयतमामा असतील तिथून स्टेजकडे यावेत" असं पुकारलं गेलं, तर ते सदरा सारखा करून निघत.

प्रश्नाचं मूळ बाबलोच्या प्रकरणात होतं. मामा नुकते नोकरीला लागले होते. घरोघरी फिरून राहिलेल्या मृत्यूंच्या नोंदी पूर्ण कराव्यात, असा ग्रामसेवकांचा हुकूम झाला. बाबलोच्या घरी त्याची आई चुलीपुढे बसली होती. लाकडं ओली, घरभर धूर, म्हातारीच्या डोळ्यांना धारा. मामांनी विचारलं, "बाबलो खंय आसा?" म्हातारी पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "गेलो रे बाबा. कालच सकाळी गेलो."

मामांनी तिचं सांत्वन केलं. मुलगा कामासाठी गोव्याला गेला याचं कुणाला तरी वाईट वाटतंय हे पाहून म्हातारीलाही बरं वाटलं, आणि तिने चहा केला. सुतकाच्या घरचा चहा घ्यावा की नाही, हे मामांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी तो घेतला, कचेरीत आले आणि नोंद केली. मृत्यूचे कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'आईस विचारणे योग्य वाटले नाही.'

बाबलो गणपतीला घरी आला आणि रेशनकार्डासाठी दाखला मागायला मामांच्या टेबलासमोर उभा राहिला.

"तू नाय आसस," मामा वही बघून म्हणाले.

"मी तुमच्या समोर उबो आसय!"

"तां खरा. पन हंय तू गेलेलो आसस."

बाबलोला परत जिवंत करायला दोन प्रतिष्ठितांचे जबाब, पोलीस पाटलांचा दाखला आणि तहसील कचेरीच्या पाच खेपा लागल्या. 'सदर इसम हयात असल्याचे आढळून आले' असं पत्र अखेर आलं. बाबलोने ते काचेत घालून ओटीवर टांगलं. मामांनी वहीतली ती ओळ खोडली नाही, कारण सरकारी वहीत खोडाखोड चालत नाही. शेजारी लाल शाईने शेरा मारला. त्यानंतर नवीन नोंद करण्याआधी ते बाबलोचं पान उघडून एकदा बघत आणि मग समोरच्याला विचारत, "खंय गेलो?"

प्रश्न मालवणीत विचारला, तरी लिहिताना मामा शुद्ध मराठीत जात. लिहून झालं की उभं राहून नोंद मोठ्याने वाचून दाखवत, "मयत इसमाचे नाव… वय… राहणार…" घरी तीन दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली माणसं या वाचनाला हमखास रडत. मामा थांबत, पाण्याचा तांब्या पुढे सरकवत आणि थांबले होते त्याच शब्दापासून पुढे वाचत.

बायकांची नावं हा त्यांचा वेगळा विषय होता. माझ्या सासूबाई वारल्या तेव्हा तुमचे आजोबा आणि त्यांचे तीन भाऊ वर्दी द्यायला गेले. मामांनी विचारलं, "आवशीचा नाव काय?" चौघंही एकमेकांकडे बघत राहिले. सर्वात धाकटे भाऊजी म्हणाले, "आये." मामांनी खणातून एक साधी वही काढली. त्यात गावात लग्न होऊन आलेल्या प्रत्येक बाईचं माहेरचं आणि सासरचं नाव होतं. अशा वहीला कुठल्याही नियमाचा आधार नव्हता. मी नवी नवरी असताना, लग्नाच्या आठव्या दिवशी, ते वही घेऊन आमच्या ओटीवर आले होते.

"माझी नावं कशाला हवीत?" मी विचारलं.

"मेल्यावर लागतली, बाईनू."

सासूबाईंनी देवाचं नाव घेतलं. मला मात्र गावात आल्यापासून कानावर पडलेलं हे पहिलं व्यवस्थित बोलणं वाटलं. मी दोन्ही नावं सांगितली आणि त्यांचं इंग्रजी स्पेलिंगही लिहून दिलं. पुढे परदेशी गेलेल्या मुलांना इंग्रजी दाखले लागू लागले, तेव्हा मी शिकवत असलेल्या शाळेच्या फाटकाशी मामा शाळा सुटायच्या वेळी उभे राहत. "बाईनू, लक्ष्मी एक्स घालून मेली की के-एस घालून?" असं विचारत. मी मुलाचा पासपोर्ट बघून सांगत असे.

आता शेवंतीचं सांगते, कारण मामा मला खरे कळले ते तिच्यामुळे.

शेवंती आमच्या दारी मासे घेऊन येई. तिचा नवरा गजा छोटी होडी घेऊन एकटाच समुद्रात जायचा. एका सकाळी गेला, आणि दुसऱ्या दिवशी होडी तेवढी आचऱ्याच्या बाजूला किनाऱ्याला लागली. आत जाळं होतं, वल्ही होती, डबा होता. गजा नव्हता. आठ दिवस माणसांनी शोधलं. काहीच मिळालं नाही.

होडीचा परवाना गजाच्या नावावर. शेवंतीचा भाऊ ती चालवायला तयार होता, आणि घरात दुसरा आधार नव्हता. पण परवाना बदलायला एकतर गजाची सही हवी, नाहीतर गजाच्या मृत्यूचा दाखला हवा. भाऊ तिला घेऊन ग्रामपंचायतीत आला. त्या दिवशी मी कुठल्याशा दाखल्याचं स्पेलिंग तपासायला तिथेच बसले होते.

"लिवा मामानू. गजो गेलो."

"खंय गेलो?"

"दर्यात गेलो."

"दर्यात तू पन रोज जातंस."

भाऊ तापला. "तुमी जित्या बाबलोक मारलास, आता मेलल्या गजाक जितो ठेवतास?"

आतल्या खोलीतून सरपंच म्हणाले, "मामा, लिहून टाका. कोण विचारायला येतंय?"

"बाबलो इलो होतो," मामा म्हणाले.

मग ते शेवंतीकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती, कपाळावर कुंकू तसंच होतं. "तू सांग गो. खंय गेलो?"

"माका म्हायत नाय, मामानू. तुमी लिवल्यार मरतलो."

मामांनी पेनाला टोपण लावलं.

नियम असा, की माणूस सात वर्षं कुठे आहे हे त्याच्या माणसांना कळलं नाही, तर त्यानंतर कोर्ट त्याला मृत मानू शकतं. मामा मालवणला जाऊन वकिलाला विचारून आले आणि एक फाइल उघडली. पोलिसांतली बेपत्ता असल्याची तक्रार, होडी सापडल्याचा पंचनामा, शोधायला गेलेल्यांचे जबाब, सगळं त्यात गेलं. अर्जांचे मसुदे मी करत असे, प्रत्येकी तीन प्रती. दरवर्षी नारळी पौर्णिमा झाली, बाकीच्या होड्या पाण्यात उतरल्या, की शेवंती कचेरीत येई.

"काय कळला?" मामा विचारत.

"नाय."

मामा लिहीत, 'आजपावेतो ठावठिकाणा नाही.' ती खाली सही करी. एवढंच बोलणं. होडी तिच्या घरामागे माडाखाली पालथी पडली होती, वर झावळ्या. खाली कोंबड्या अंडी घालत. भाऊ दुसऱ्यांच्या ट्रॉलरवर जाई आणि मामांच्या समोरून जाताना मान फिरवी. मामा त्याला "बरो मा?" म्हणजे बरा आहेस ना, असं विचारत. तो उत्तर देत नसे. मामा पुढच्या वेळी पुन्हा विचारत.

चौथ्या वर्षी कुणीतरी सांगितलं, की गोव्याच्या एका बंदरावर गजा नावाचा मालवणी माणूस काम करतो. शेवंतीला कळण्याआधी मामांनी रजा टाकली आणि स्वतः गेले. दोन दिवसांनी परत आले ते थेट आमच्या ओटीवर.

"भेटलो?" मी विचारलं.

"भेटलो. तो दुसरो गजो, देवगडकडचो. बाईनू, तेचीय बायल तेका सोदता हा." चहा घेऊन ते म्हणाले, "तिच्या गावच्या लिपिकाक चिठ्ठी धाडूक व्हयी." नवऱ्याला शोधणाऱ्या त्या बाईसाठी ती चिठ्ठी त्यांनी खरोखर धाडली.

सात वर्षं भरल्यावर कोर्टात अर्ज गेला आणि यथावकाश हुकूम आला. तोवर मामांच्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. शेवंतीने त्या दिवशी मलाही बरोबर नेलं. भाऊ दाराबाहेर थांबला. मामांनी बाबलोचं पान उघडलं, पाहिलं, मिटलं. नव्या ओळीवर गजाचं नाव लिहिलं, वय लिहिलं, हुकुमाचा क्रमांक लिहिला. मृत्यूचे ठिकाण या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. चष्मा कपाळावर गेला.

"शेवंती, खंय गेलो?"

तिने वहीतल्या त्या रकान्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "खंय नाय, मामानू. नुसतो गेलो."

मामांनी लिहिलं, 'ज्ञात नाही.' मग उभं राहून पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. शेवंती रडली नाही. बाहेर नळावर गेली, कपाळ धुतलं, पदराने हात कोरडे करून आत आली आणि दाखला घेतला. हाताला वास आहे म्हणून तिने तो दोन बोटांनी धरला होता. त्यानंतर दारातल्या भावाने मामांना आपण होऊन विचारलं, "बरे मा?"

परवाना बदलला, पण होडीच्या सुकून उघडलेल्या फटी बुजवायला महिना गेला. पहिल्या दिवशी मिळालेले बांगडे शेवंती मामांकडे घेऊन गेली. सोमवार असल्यामुळे मामांना ते घेता येईनात, म्हणून ते मला मिळाले.

मामा निवृत्त झाल्यावरही रोज अकरा वाजता बाजाराला जाताना ग्रामपंचायतीच्या पायरीवर थोडा वेळ बसत. आत आता कॉम्प्युटर आला आहे आणि तो चालवणारी मुलगी हुशार आहे. गेल्या महिन्यात मामा घरीच, सकाळचा चहा घेऊन खुर्चीत बसले आणि उठले नाहीत. त्यांची मुलगी दोडामार्गला असते. ती आली, सगळं झालं, आणि तिसऱ्या दिवशी तिने माझ्या हातात एक लिफाफा दिला. वर मामांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'ग्रामपंचायतीत देणे, बाईंनी तपासून.'

आत वर्दीचा नमुना होता, मामांनी स्वतः भरलेला. नाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आणि सासरचं नाव, जन्मतारीख, सगळं बिनचूक. इंग्रजी स्पेलिंगही बरोबर होतं. मृत्यूची तारीख कोरी. ठिकाणाच्या रकान्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, 'विचारून लिहावे.'

मी तो कागद घेऊन गेले. मुलीने एकेक गोष्ट कॉम्प्युटरमध्ये भरली आणि पेन्सिलीच्या ओळीपाशी आल्यावर माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ती विचारेल. तिने अदबीने विचारलं, "आजी, मृत्यूचं ठिकाण 'राहते घर' टाकू ना?"

मी हो म्हणणार, तेवढ्यात दारात शेवंती दिसली. मला आत जाताना पाहून माशांची पाटी पायरीवर ठेवून ती आली होती. गेले काही दिवस ती भावाच्या घरी, आचऱ्याला होती. तिला काही कळलेलं नव्हतं.

"मामा गेले, शेवंती," मी म्हटलं.

"खंय गेले?" तिने विचारलं.

आयुष्यभर मी वर्गात मुलांकडून पूर्ण वाक्यात उत्तर घेतलं.

"नुसते गेले गो," मी म्हटलं.

शेवंतीने मान हलवली आणि तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यापुढे सरकवलं. मुलीने 'राहते घर' टाइप केलं. मी पहिल्यापासून सगळं तपासलं आणि सही केली.