कंट्रोलर लावायला गेलो अन्...

आमच्या धंद्यात किस्से शोधायला जावं लागत नाही. पॅनलचं झाकण उघडलं की आधी धूळ निघते, मग एखादी वाळलेली पाल, आणि मग असं काहीतरी निघतं की पेचकस हातात धरून मी तशीच उभी! सात वर्षं झाली. आता घरी पोचले की आई चहाच्या आधी विचारते, "आज काय पाह्यलं वं?"

मी आणि गवईदादा वाशिम जिल्हाभर टेम्परेचर कंट्रोलर बसवतो. भट्टी, ड्रायर, बॉयलर किती तापवायचा आणि कुठे थांबवायचा, हे ठरवणारी ती आकडेवाली डबी. डबीला आतली खबर देतो सेन्सर, म्हणजे बोटभर लांब स्टीलची दांडी. दादा पंचावन्नचे, कमी बोलणारे. मेन स्विच बंद केल्याशिवाय पॅनलकडे बोटसुद्धा दाखवत नाहीत.

---

रिसोडकडच्या एका बेकरीतून फोन आला. "ताई, डबी बराबर चालू हाय, पन बिस्किटाचा कोयसा होऊन राह्यला!"

गेलो. डबीवर आकडा एक्केचाळीस. भट्टीच्या दाराचा रंग मात्र फुगून गळायला लागलेला, तीन हातांवरून तोंड भाजत होतं! दादांनी आधी धावत जाऊन मेन पाडला. मग आम्ही सेन्सरची वायर धरून शोधत निघालो. वायर भट्टीपाशी गेली, तिथून वळून भिंतीवर चढली, आणि कॅलेंडरच्या बाजूला खिळ्याला सेन्सर मजेत लटकलेला! डबीला बिचारीला भिंतीची खबर मिळत होती. भट्टी तापलीच नाही असं समजून ती हीटर चालूच ठेवत होती.

"हा बाहेर काहून काढला?" दादांनी विचारलं.

मालक आमच्याकडेच नवलानं पाहत म्हणाला, "आत लय गरम होते ना दादा! जळून नसता गेला?"

---

शिरपूरच्या रस्त्यावर एक लॉज आहे. दर्शनाला येणारे लोक उतरतात, त्यांच्या आंघोळीसाठी मोठा इलेक्ट्रिक बॉयलर. कंट्रोलर बिघडला तरी पाणी उकळायच्या आत करंट तोडणारा एक वेगळा कटआउट त्याला असतो. मी झाकण उघडलं तर कटआउटच्या दोन टोकांमध्ये चक्क केसांत लावायचा आकडा खोचलेला. आणि मेन बंद करूनही बॉयलर आतून गुरगुरतोय!

मॅनेजरला विचारलं, तर तो खुशीत म्हणाला, "ते सारखं टक करून बंद पडे, ताई. मंग आमी ते टकच काढून टाकलं!"

वरच्या मजल्यावर त्या वेळी चाळीस माणसं होती. दादा पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. थंड.

---

सेन्सर तपासायची सोपी रीत म्हणजे बर्फ. थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी, त्यात सेन्सर बुडवायचा, डबीवर शून्य यायला पाहिजे. इंझोरीजवळच्या एका तेलघाण्यावर, ऐन मे महिन्यात, मी सगळं असं मांडलं आणि फोन आला म्हणून बाहेर गेले. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. आत आले तर घाण्यावरच्या काकूंनी हातात गारेगार लिंबू सरबत दिलं. एका दमात संपवलं!

मग थर्मासकडे पाहिलं. रिकामा! सेन्सर बाजूला पुसून ठेवलेला.

"काकू, बर्फ?"

"तुमीच तं पेलं आत्ता!"

तो सेन्सर मी त्याच सकाळी सरकी शिजवायच्या कढईतून काढला होता.

---

हा किस्सा मात्र माझ्याच चुकीचा आहे. सांगायला आवडत नाही, तरी सांगते.

एका हॅचरीत, म्हणजे अंडी उबवायच्या मशीनवर, वनिताकाकू कामाला आहेत. मी कॅलिब्रेशन करून, म्हणजे डबीचा आकडा खऱ्या तापमानाशी जुळवून आले, तर दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन. "पोरी, अंडी थंडी हायेत."

"काकू, डबी काय दाखवते?"

"साडेसदोतीस."

"मग बरोबर आहे ना!"

"डबीचं तू पाह्य. म्या अंडं डोयाले लावून पाह्यलं. थंडं हाय."

डोळ्याला अंडं लावून तापमान कळतं म्हणे! चिडूनच गेले. माझा तपासलेला थर्मामीटर आत ठेवला. साडेचौतीस! डबी दीड अंश जास्त दाखवत होती म्हणून मी दुरुस्ती घातली होती, पण मायनसच्या जागी प्लस. दीडाची चूक तीनाची करून मी ऐटीत घरी आले होते! हजारभर अंडी आत होती.

पिल्लं उशिरा निघाली. बरीच निघाली, बरीच नाही. मी रडकुंडीला येऊन उभी होते. काकूंनी न निघालेली अंडी एकेक करून टोपलीत भरली. मी निघताना फक्त एवढंच म्हणाल्या, "पुढच्या टायमाले मशीनीले माह्यावाला डोया जोडजो."

---

आणि हळदीच्या कारखान्याची गोष्ट.

दादा कामाला लागले की मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावतात आणि 'काम चालू आहे, स्विच लावू नये' अशी लाल पाटी टांगतात. तरी लोक यायचे, कुलूप ओढून पाहायचे, दांडा हलवायचे. "लिवलेलं कोन वाचते, दादा!" मग त्यांनी पाटीवर आपला मोठा फोटो लावला. हा माणूस आत आहे, हे तरी दिसावं!

त्या दिवशी दादा ड्रायरच्या पोटात शिरून सेन्सर बदलत होते. मी सामान आणायला गाडीकडे गेले. तेवढ्यात दुपारची पाळी बदलली.

परत आले तर मेन स्विचच्या पॅनलसमोर सात-आठ बाया, डोक्यावर पदर, हात जोडून. दादांच्या फोटोला झेंडूचा हार. दोन उदबत्त्या!

माझ्या हातून टूलबॉक्स पडला. "काय झालं?"

"लय साजरा मानूस व्हता वं," एक बाई डोळे पुसत म्हणाली. "करंट लागला म्हन्ते."

मी किंचाळत ड्रायरकडे धावले. "दादा! दादा!"

ड्रायरची झडप उघडली. आतून डोक्यापासून पायापर्यंत पिवळाधमक झालेला माणूस बाहेर आला. दोन बाया पळाल्या, एक मटकन खाली बसली.

दादा पॅनलपाशी आले. आधी स्वतःचा फोटो पाहिला, मग हार.

"उदबत्त्या इझवा. वायरी हायेत इथं."

एका बाईनं घाबरत घाबरत हाराला हात घातला.

"हार राहू द्या," दादा म्हणाले. "आज पह्यल्यांदा मेनले कोनी हात नाई लावला!"