बसवून झाल्यावरच्या चार ओळी

ऑफिसात तिला सगळे तळटीपबाई म्हणत. तोंडावर ताई, पाठीमागे तळटीपबाई. आणि हे तिला ठाऊक आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. नाव मात्र चपखल होतं. ऑफिसनं एक पॅकेज मॅनेजर बनवला होता. शेकडो वाचनालयांतल्या आणि प्रयोगशाळांतल्या कॉम्प्युटरांवर एका आज्ञेत हवा तो प्रोग्रॅम आणून बसवून द्यायचा, हे त्याचं काम. प्रोग्रॅम बसला की शेवटी चार ओळी उमटत: जुना पासवर्ड बदला, अमुक फाइल तपासा, तमुक केल्याशिवाय सुरू करू नका. त्या चार ओळी हे तिचं काम. बारा वर्षं ती तेवढंच करत आली होती.

आणि त्या ओळी कुणी म्हणजे कुणी वाचत नसे. आधी त्या मधेच उमटायच्या आणि वर सरकून नाहीशा व्हायच्या. तिनं सगळ्या सूचना गोळा करून शेवटी एकत्र दाखवायची सोय केली. लोक त्याआधीच खिडकी बंद करून मोकळे. मग एन्टर दाबल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही, असं केलं. तर ज्या यंत्रांसमोर माणूसच बसत नाही ती बिचारी एन्टरची वाट बघत तीन दिवस ताटकळली. तेही काढावं लागलं. शेवटी वैतागून तिनं एका सूचनेखाली लिहिलं, 'अडचण आल्यास फोन करा', आणि स्वतःचा मोबाइल नंबर घातला. तात्पुरता. इतरांनी तीच सूचना नमुना म्हणून उचलली आणि तिचा नंबर दीडशे प्रोग्रॅमांत जाऊन बसला. आपल्याच हातानं पायावर धोंडा, दुसरं काय! चार ओळींतली तेवढीच एक ओळ लोक इमानेइतबारे वाचत. आंघोळीला गेली की फोन, घास तोंडात असला की फोन.

"ताई, बसलं तर आहे, पण चालत नाही."

"शेवटची सूचना वाचा."

"आता तुम्हीच सांगा ना, फोनवर आहातच तर."

मग ती आपलंच लिहिलेलं त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवायची.

चार वर्षांपासून ती सुटायचं म्हणत होती. थोरल्या बहिणीची दुसऱ्या गावात रोपवाटिका होती. बहीण एकटी, आणि हीही एकटीच. मागच्या अंगाची उजेडाची खोली बहिणीनं हिच्यासाठी रिकामी ठेवली होती, खिडकीला पडदासुद्धा लावला होता. दर दोन-तीन महिन्यांनी बहीण विचारायची, "मग कधी येतेस?" आणि ही म्हणायची, "अक्का, साहेब सोडत नाहीत गं."

या खेपेला मात्र गाडी रुळावर आली होती. हाताखाली एक नवा माणूस आला होता. चांगला चाळिशीकडे झुकलेला, हुशार. पण काम सांगायच्या आत 'चहा आला का' विचारायचा, म्हणून ऑफिसनं त्याचं जावईबापू करून टाकलं होतं. सहा महिने तिनं त्याला शिकवलं. मग ठरलं: पॅकेज मॅनेजरची नवी आवृत्ती त्यानं एकट्यानं काढायची. सोमवार ते शनिवार तिला एकही फोन आला नाही, तर शनिवारी संध्याकाळी कार्यमुक्तीचं पत्र तिच्या हातात.

सोमवारी फोन आला नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिनं शेजारणीला आपल्याला फोन करायला लावला, फोन बिघडलाय का बघायला. वाजला की चांगला खणखणीत. गुरुवारी ती फोन मुठीत धरून जेवली. आनंद व्हायला हवा होता. तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. खोली तीच, खुर्ची तीच, पण भिंती जरा जवळ सरकल्यासारख्या वाटत होत्या.

शनिवारी दुपारी तिला राहवलं नाही. आपल्याच कॉम्प्युटरवर तिनं एक प्रोग्रॅम बसवून पाहिला. शेवटी एकच शब्द उमटला: 'झालं.' खाली काही नाही. दुसरा बसवला, तिसरा बसवला. झालं, झालं.

ती तडक जावईबापूच्या टेबलाशी गेली. "सूचना कुठं आहेत?"

"बंद केल्या, ताई," तो म्हणाला. "कुणी वाचत नाही असं तुम्हीच म्हणता ना? सूचना नाही, तर नंबर नाही. नंबर नाही, तर फोन नाही. तुमची सुटका व्हावी म्हणूनच केलं."

"अरे शहाण्या, परवा वाचनालयांच्या नोंदींचा प्रोग्रॅम जातोय. पहिल्यांदा सुरू होताना तो जुन्या नोंदी पुसून टाकतो. आधी प्रत काढून ठेवा, हे त्यांना कोण सांगणार? तुझा सासरा?"

त्याचा चेहरा पडला. पण त्यानं वाद घातला नाही. एक ओळ बदलली, तिच्यासमोर प्रोग्रॅम बसवून दाखवला. सूचना उमटली, पूर्ण, शेवटी, ठळक. नंबरच्या जागी त्यानं ऑफिसचा पत्ता घातला होता. दोन मिनिटं लागली. तिनं तीनदा वाचलं. बोट ठेवायला जागा नव्हती.

संध्याकाळी तिनं साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि पत्र पुढे सरकवलं. "चूक झाली, सापडली, दुरुस्तही झाली. फोन एकही आला नाही. सही करा आणि जा सुखानं."

तिनं पेन उचललं. पत्रावर तारीख होती, साहेबांची सही होती, खाली तिच्यासाठी रेघ आखलेली होती. जावईबापूनं ते दोन मिनिटांत केलं होतं, आणि नीट केलं होतं. तिला सगळ्यात जास्त धडकी त्याचीच भरली होती.

"त्यानं आणखी काय काय बंद करून ठेवलंय, ते एकदा बघायला हवं," ती म्हणाली. "हे काही अटीत धरलेलं नव्हतं."

"अट तुमचीच होती, ताई. मी तर नुसतं जा म्हणालो होतो."

तिनं पेन खाली ठेवलं. साहेबांनी पत्र परत घेतलं आणि टेबलाचा खण उघडला. आत तिच्याच नावाची आणखी तीन पत्रं होती, दर वर्षाचं एक. तिन्हींवर साहेबांची सही होती आणि खालची रेघ कोरी होती. चौथं त्यांनी त्यावर ठेवलं आणि खण हळूच लोटला. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

जागेवर येऊन तिनं बहिणीला फोन लावला. "अक्का, साहेब नाही म्हणाले गं. अजून थोडे दिवस."

"बरं," बहीण म्हणाली. मग कधी, असं तिनं विचारलं नाही. "खोलीत मी खताची पोती रचून घेतलीत. बाहेर भिजत होती. तू तुझं काम कर."

तिनं फोन ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि दीडशे प्रोग्रॅमांपैकी पहिला बसवायला घेतला.