मावशीचा उजवा खांदा

गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी मावशी आमच्याकडे परभणीला राहायला आली, ती उजव्या खांद्यासाठी. मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, गंगाखेडच्या पलीकडं एका खेड्यात दिलेली. दसरा झाला की ती आणि काका ऊसतोडीला जातात, ते सहा महिन्यांनी परत येतात. तोडीवर नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. काकांनी ऊस तोडायचा, मावशीनं मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढवायची. त्या मोळ्यांनीच तिचा खांदा गेला होता. हात वर जात नव्हता. वेणी घालताना ती डोकंच वाकवून हातापाशी न्यायची.

गावात गोळ्या, इंजेक्शनं, बिब्बा सगळं करून झालं होतं. मग आईला कुणीतरी शॉकवेव्हचं सांगितलं. ऑपरेशन नाही, चिरफाड नाही, आठवड्यातून एकदा मशीन लावायची. आईनंच फोन करून मावशीला बोलावून घेतलं. हे आईच्या बाजूनं आधीच लिहून ठेवते, कारण पुढं तसं लिहिण्यासारखं फार नाही.

क्लिनिकमध्ये मी सोबत गेले. फिजिओथेरपिस्ट मॅडम माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी खांद्यावर थंड जेल लावलं आणि पिस्तुलासारखी एक मूठ टेकवली. टक-टक-टक आवाज सुरू झाला. मावशीनं पदराचं टोक दातात धरलं.

"फार दुखतंय का? कमी करू?"

"कमी नगा करू. जोर लावा अजून. मशीन हाय, ती काय दमती व्हय?"

मॅडम हसल्या. मग त्यांनी नीट समजावलं. मशीन स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या शिरेला फक्त जागं करते, दुरुस्ती शरीर स्वतःच करतं, आणि त्याला महिने लागतात. मधेच दुखणं कमी वाटेल, त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

"काम काय करता सध्या?"

"काई न्हाई. घरीच हाय."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि सूचनांचा छापील कागद माझ्या हातात दिला. कागद इंग्रजीत होता. "तुम्ही वाचून सांगा त्यांना," म्हणाल्या.

रिक्षात मावशीनं विचारलं, "काय लिवलंय गं माय त्याच्यावर?"

शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. परक्या माणसांसमोर माझा आवाज फुटत नाही. कागदावर बरंच काही होतं. वजन उचलू नका, ओढू नका, ढकलू नका, ओले जड कपडे पिळू नका. मी म्हणाले, "आराम करायचाय."

आमच्या घरात आराम या शब्दाचा अर्थ सगळ्यांना एकच माहीत आहे. शेतात जायचं नाही, मोलानं जायचं नाही. घरातलं काम हे काम धरत नाहीत. मावशीनं पहिल्या दिवशीच झाडू घेतला. आई दोन दिवस "बस गं" म्हणाली, तिसऱ्या दिवशी म्हणाली नाही. बहिणीच्या घरी फुकटचं कसं खायचं, हे मावशीचं म्हणणं होतं, आणि ते कुणी खोडलं नाही.

एकदा गच्चीवर तिला मी विचारलं, एवढी घाई कशाची, एक वर्ष नाही गेलीस तर काय होईल? ती आधी हसली.

"न्हाई गेले तर तुजे काका जावेला घेऊन जायलेत. मुकादमाला बोलून ठेवलंय."

जाऊ म्हणजे काकांच्या वारलेल्या थोरल्या भावाची बायको. मावशीपेक्षा वयानं लहान.

"सहा म्हैने एका कोपीत. उसाच्या पाल्याची झोपडी ती, केवढी असती, बघितलीस का कधी? पाय लांब केले की पाचटाच्या बाहेर."

मी वाळलेले कपडे गोळा करत राहिले.

दुसऱ्यांदा मशीन लावून आल्यावर दुखणं एकदम उतरलं. मावशीनं आरशासमोर मान न वाकवता वेणी घातली आणि आम्हाला दोनदा फिरून दाखवली. आई म्हणाली, "बघ, मोकळा झाला हात." दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दसरा काढायला घेतला.

आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातली चिंधीसुद्धा धुऊन काढतात, त्याला दसरा काढणं म्हणतात. त्यात सगळ्यात जड काम गोधड्यांचं. जुन्या लुगड्यांचे पाच-सहा थर, वर माझे जुने शाळेचे युनिफॉर्म शिवलेले. भिजली की एक गोधडी दोन माणसांना उचलत नाही. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला एक असं उभं राहून उलट्या बाजूंनी पीळ द्यावा लागतो. गच्चीवर अकरा गोधड्या भिजत होत्या. एका टोकाला आई होती, दुसऱ्या टोकाला मावशी.

मी जिन्याच्या दारात उभी होते. कागदावरची ती ओळ मला पाठ होती.

"आई, मॅडमनी..."

"काय मॅडमनी?"

"तिला धुणं नको वाटायलंय," मावशी म्हणाली. "सायबाची शाळा शिकली पोरगी. तिला गोधडीचा पीळ काय ठाव?"

दोघी हसल्या. मीही हसले, आणि चिमट्यांची पिशवी घेऊन दोरीकडं गेले. लाजले म्हणून बोलले नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं असं आहे की मावशीच्या हातातलं टोक सुटलं असतं, तर ते माझ्या हातात आलं असतं.

पाचव्या गोधडीला मावशी "आई गं" म्हणून खाली बसली. थोड्या वेळानं उठली. उरलेल्या सहा गोधड्या तिनं टोक डाव्या काखेत दाबून पिळल्या.

तिसऱ्या वेळी आईही क्लिनिकला आली. मॅडमनी मावशीचा हात वर करून पाहिला, तो खांद्याच्या पातळीलाही येईना.

"काही जड उचललं का?"

मावशीनं आईकडं पाहिलं. "न्हाई मॅडम. झोपंत हात अंगाखाली आला."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी फरशीकडं. सोनोग्राफीत शीर अर्धी फाटलेली दिसली. मशीन बंद झाली, हात अडकवायला गळ्यात झोळी आली. बाहेर चपला घालताना आई म्हणाली, "कशाची मशीन अन् काय! नुसते नादी लावतात लोकांना."

काका एसटीनं आले. जेवले, झोळीकडं बघितलं. वाईट माणूस नाही तो. त्यांनी खाली मान घालूनच सांगितलं, "मुकादम अर्धा कोयता घेत न्हाई. वैनीला न्यावं लागंल."

"न्या की," मावशी म्हणाली. "तवा अन् परात आपल्या घरी माळ्यावर हाय. घमेल्याला भोक हाय, नवं घ्या."

मग ती आत गेली आणि बराच वेळ डाव्या हातानं तांदूळ निवडत बसली.

ती आमच्याकडेच राहिली, आरामाला. आईनं भांडीवाल्या बाईला सांगितलं, उन्हाळ्यापर्यंत येऊ नको. शेजारणी आल्या की आई म्हणते, "सख्ख्या बहिणीसाठी एवढं कोण करतं आजकाल?" मावशी मान हलवते आणि चहा टाकायला उठते.

तोडीवरून काकांचा फोन चार दिवसांनी येतो. मावशी फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर बोलते, कारण एकच हात असतो आणि तो कामात असतो. ऊस कसा आहे, थंडी किती आहे, एवढंच बोलतात. परवा मागून बाईचा आवाज आला, "जेवाया या, निवायलंय." काका म्हणाले, "आलो."

मावशीचा कढईत फिरणारा हात थांबला.

"कसं करती ती? मीठ-बीठ बरूबर पडतंय का?"

"पडतंय की. चांगलं करती," काका म्हणाले.

"बरं," मावशी म्हणाली, आणि फोन त्यांनी ठेवला का तिनं, ते मला कळलं नाही.